प्लगचा रंग तपकिरी

पहिल्या भेटीत तो माझ्याकडे पाठ करून आला. अक्षरशः पाठ करून — मोटरसायकलवर बसून, चढावरून खाली, उलटा!

थंडीतला पाऊस होता. धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता... नुसता अंगाला चिकटत होता. मी दुकानातून घरी चालले होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात अंड्यांची पिशवी. आमच्या घराचा रस्ता चांगलाच चढाचा आहे, आणि त्या चढाच्या मधोमध एक जुनी, निळा धूर ओकणारी मोटरसायकल आचके देत बंद पडली. ती जराशी मागे घरंगळली, वरच्या माणसानं घाबरून क्लच सोडला, इंजिन पुन्हा सुरू झालं — आणि त्या पठ्ठ्यानं खुशीत ॲक्सिलरेटर पिळला. गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे सुटली ती थेट माझ्या दिशेनं.

"अहो! अहो, मागे!" मी ओरडले.

"मागेच जातेय!" तोही ओरडला.

मी छत्री टाकून भिंतीला चिकटले. मागचं चाक गटाराच्या कठड्यावर आपटून थांबलं. मी वाचले, पण पिशवी हातातून सुटली होती.

"लागलं का तुम्हाला?" तो धापा टाकत खाली उतरला.

"मला नाही. अंड्यांना विचारा."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि चेहरा असा केला की जणू अंडी त्याच्या नात्यातली असावीत. "माफ करा... खरंच माफ करा. काय आहे, हे टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरू शकतं. म्हणजे मागे घरंगळताना जर का क्लच सुटला, तर—"

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"आमच्या घरात त्याचं बाळकडू मिळतं. पण आमच्याकडे पाहुणे शक्यतो तोंड पुढे करून येतात, उलटराव."

तो हसला. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्याच्या आधी मिटायचा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या आधी लक्षात येतात. बाकीचं — भिजलेले केस, कानापर्यंत गेलेली काजळी — सगळं नंतर दिसलं.

"इथे कुणाकडे तरी रेसिंगच्या जुन्या जपानी गाड्या विकायच्या आहेत म्हणे," तो म्हणाला. "कुठलं घर?"

"ज्या घरची अंडी फोडलीत, तेच."

बाबा मोटरसायकलच्या शर्यती करायचे. मी सहा वर्षांची असताना त्यातल्याच एका शर्यतीत ते गेले. मागे तीन गाड्या राहिल्या, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं तशाच उभ्या राहिल्या. आता घरमालकाला जागा हवी होती. आई मावशीकडे राहायला जाणार होती, आणि मावशीच्या दोन खोल्यांत आई मावेल की नाही याचीच पंचाईत, तिथे तीन मोटरसायकली कुठे ठेवणार? घरात जिकडे तिकडे खोकी पडली होती. भिंतींना ओल आली होती. आम्ही दोघी दिवसभर वस्तू उचलायचो, एकमेकींना विचारायचो, "हे ठेवायचं का?" आणि पुन्हा खाली ठेवायचो.

असल्या गाड्या जमवणारे हौशी लोक जगभर असतात. उलटराव अशा लोकांना गाड्या मिळवून देणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. येऊन गाडी पाहायची, फोटो काढायचे, चालू होते का बघायचं आणि गिऱ्हाइकांसाठी तिचं वर्णन लिहायचं, हे त्याचं काम. दुकान सुटलं की मी शेडमध्ये जाऊ लागले. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं ना, असं मी आईला सांगितलं. आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"ओरखडे पुसू नका!" तो दचकून म्हणाला, कारण मी फडकं घेऊन पहिल्या गाडीची टाकी चकचकीत करायला बसले होते.

"घाण आहे ती."

"घाण नाही, इतिहास आहे. गिऱ्हाइकांना जुने ओरखडे हवे असतात. नवा रंग दिला की गाडी पडली त्यांच्या मनातून."

"गंमतच आहे. माणसाला मुलगी दाखवायची तर रंगरंगोटी करा, आणि गाडी दाखवायची तर आंघोळसुद्धा घालू नका."

"मुलगी कुठे दाखवताय तुम्ही? मला तर कुणी बोलावलं नाही..."

"तुम्हाला बोलावलं तर उलटे याल."

असं चालायचं आमचं. पत्र्यावर पावसाची बारीक तडतड, वर एक पिवळा दिवा, आणि तो वाकून इंजिनावरचे नंबर वाचतोय. मी समोर डबा पालथा घालून बसलेली. रोज इतक्या डोळ्यांत बघते मी, की डोळ्यांचं मला काही वाटेनासं झालं होतं. पण तो नंबर वाचून वर बघायचा — आणि मी उगीचच नजर फडक्याकडे न्यायची. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नव्हती. ती त्या शेडमध्ये लागली.

दोन गाड्या चालू झाल्या. रेसिंगच्या गाडीला किक नसते, ढकलूनच सुरू करावी लागते. तो हँडल धरून पळायचा, मी मागून जीव खाऊन ढकलायचे, मग तो टुणकन सीटवर बसायचा, आणि सगळ्या गल्लीच्या कानठळ्या बसायच्या. बाबांच्या वेळी यायचा तसा, एरंडेल मिसळलेल्या पेट्रोलचा वास... तो पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा मी ढकलता ढकलता रडायला लागले. त्यानं गाडी बंद केली, जवळ आला, काय करावं ते न सुचून आपला हातमोजा माझ्यापुढे धरला.

"याला ग्रीस लागलंय," मी नाक ओढत म्हणाले.

"आतून स्वच्छ आहे."

मी हातमोज्याच्या आतून डोळे पुसले. प्रेमात पडल्याचं मला तेव्हाच कळलं. फार रुबाबदार प्रसंग नव्हता, पण माझा हाच आहे.

तिसरी गाडी चादरीखाली होती. सव्वाशे सीसीची, एका सिलिंडरची, बाबांची शेवटची. तिला त्या दिवसानंतर कोणी हात लावलेला नव्हता. आई लावू द्यायची नाही. व्यापाऱ्याला खरी हवी होती ती हीच, कारण शेवटच्या शर्यतीनंतर जशीच्या तशी राहिलेली गाडी मिळत नाही. पण उलटराव त्या चादरीजवळ गेला की गप्प व्हायचा. मला वाटायचं, माझं मन राखतोय.

एका संध्याकाळी त्यानं लिहिलेलं वर्णन वाचताना मी अडखळले. "सीट राखाडी? अहो, हिरवी आहे ती."

"तेच... हिरवट राखाडी."

"पोपटासारखी हिरवी आहे."

"दिवा पिवळा आहे ना."

"दिवा दिवाच आहे. उद्या दुकानात या. तपासते तुम्हाला."

"फुकट?"

"अंड्यांचे पैसे द्याल तर फुकट."

तो आला. दुकान रिकामं होतं, बाहेर राखी रंगाची दुपार. मी त्याला खुर्चीत बसवलं. अक्षरं त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग मी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. त्या ठिपक्यांत वेगळ्या रंगाचे आकडे दडलेले असतात.

"यात काय दिसतंय?"

"ठिपके."

"आणि?"

"आणखी ठिपके. मधेच तुमचा अंगठा. छान आहे अंगठा."

"चेष्टा नको. यात?"

"...ठिपके."

मी पानं उलटत गेले. त्याचं हसू एकेका पानाला कमी होत गेलं. मला आधी मजा वाटत होती, मग वाटेनाशी झाली. हिरवा, तपकिरी, राखाडी — फिकट असले की त्याला सगळे सारखेच.

"व्यापाऱ्याला सांगू नका," तो म्हणाला. "आत्तापर्यंत फोटो बघून, कुणाला तरी विचारून निभावलंय."

"नाही सांगणार. पण एवढं काय त्यात? पुष्कळांना असतं."

"पुष्कळांना प्लगचा रंग ओळखायचा नसतो." तो ते पुस्तक मिटून हातात धरून बसला. "मला रेसिंगचा मेकॅनिक व्हायचं होतं. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल बरोबर मिळतंय का, ते ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या टोकाच्या रंगावरून ओळखतात. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तपकिरी म्हणजे बरोबर. पांढरट राखाडी म्हणजे कमी. तेल पेट्रोलातच मिसळलेलं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं, पिस्टन तापून अडकतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. वडील मला प्लग दाखवून विचारायचे, कुठला रंग? मी ठोकून द्यायचो. चौदाव्या वर्षी पकडला गेलो."

"वडील मेकॅनिक आहेत?"

"होते. रेसिंगचे."

"कुणाचे?"

बाहेरून एक बस गेली, काच थरथरली.

"तुझ्या बाबांचे," तो म्हणाला.

मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला, आणि ते अशा वाक्यात.

मेकॅनिककाका. मला खांद्यावर बसवून शर्यत दाखवणारे, पेट्रोलनं हात धुणारे, मला 'छोटं इंजिन' म्हणणारे मेकॅनिककाका. बाबांचा पिस्टन भर वेगात अडकला होता. चौकशी झाली, अपघात असं ठरलं आणि मिटलं. पण आईच्या लेखी मिटलं नाही. ते भेटायला आले तेव्हा ती दारातून ओरडली होती, "माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलंत! तुमच्या हातांनी मारलंत!" त्यानंतर ते गाव सोडून गेले आणि आमच्या घरात त्यांचं नावही निघालं नाही.

"आणि हे आज सांगतोस?" मी म्हणाले. "इतके दिवस माझ्या घरी चहा पीत होतास!"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फाटक उघडलं असतंस?"

"नसतं उघडलं! तेवढा हक्क होता की नाही मला?"

"होता," तो म्हणाला. खाली मान घालून, पुस्तक नीट टेबलावर ठेवून निघून गेला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी शेडमध्ये गेले नाही. घरी खोकी बांधत बसायची, आणि बांधलेलं खोकं पुन्हा सोडायची कारण कात्री आत राहिलेली असायची. राग होताच, पण रागापेक्षा मोठी गोष्ट ही होती की दुकानाचं दार वाजलं की मी झटकन वर बघायची. दारात कुणी आजोबा चष्म्याची दांडी घेऊन उभे असायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग एका संध्याकाळी तोच उभा होता. दुकानासमोर, त्या चिकट पावसात, टोपीवरून पाणी गळतंय.

"आत ये. भिजतोयस."

"आत नको. बोलून जातो." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "हे काम मी मागून घेतलं. खरं सांगायचं तर मी गाडीसाठी आलो नव्हतो, प्लगसाठी आलो होतो. त्या शर्यतीच्या दिवशी सकाळी अचानक गार पडलं होतं. गार हवेत इंजिनाला पेट्रोल वाढवावं लागतं, नाहीतर कमी पडतं. माझ्या बाबांनी ते वाढवलं होतं की नाही, त्यांना आठवत नाही. वीस वर्षं आठवतायत. आता अंथरुणाला खिळलेत, धड जेवत नाहीत, आणि अजून तेच... वाढवलं होतं का रे मी? मला विचारतात. मी तेव्हा शाळेत होतो."

"आणि प्लगवरून कळेल?"

"भर वेगात इंजिन थांबलं, की त्या क्षणाचा रंग प्लगवर तसाच राहतो. गाडीला नंतर कुणी हात लावला नाही. तपकिरी असला तर माझ्या बाबांचं चुकलं नव्हतं. पांढरा असला तर..." तो थांबला. "मला दिसणार नाही. मला तुझे डोळे हवेत."

"पांढरा निघाला तर काय करशील?"

"मग पुन्हा या दारात येणार नाही. कोणत्या तोंडानं येऊ? तुझ्या आईसमोर कसा बसू?"

"माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर तर त्याहून नाही."

"आणि तपकिरी निघाला तर?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तर बाबांना फोन करीन. आणि मग तुला विचारीन..."

"म्हणजे माझं लग्न एका प्लगवर?"

"लोकांची याहून फालतू गोष्टींवर ठरतात, भिंगवाली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्याच क्षणी मी मनाशी पक्कं केलं — रंग कुठलाही असो, मी तपकिरी सांगणार. त्याला थोडाच दिसणार होता! एवढ्याशा खोट्यानं एक म्हातारा माणूस सुखानं जेवणार असेल आणि मला हा माणूस मिळणार असेल, तर माझं काय जातं? पण तो पुढे म्हणाला, "काकूंना सांगूनच काढायचा. चोरून नाही." आणि माझा बेत तिथेच लंगडा झाला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही आईसमोर उभे राहिलो. ती स्वयंपाकघरात जुन्या कागदांत कपबशा गुंडाळत होती.

"काकू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. माझे वडील—"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. कपबशी गुंडाळणं थांबलं नाही. "फाटकातून आलास तेव्हाच ओळखलं. चालतोस अगदी बापासारखा, एक खांदा पाडून."

मीच कशीबशी म्हणाले, "मग त्याला आत कसं येऊ दिलंस?"

"बघायचं होतं, आलाय कशाला ते." तिनं हात पुसले. "प्लगच ना? चला."

चादर तिनं स्वतः ओढली. धूळ उडाली, ती खोकली. गाडी लहानशी होती, माझ्या आठवणीतल्यापेक्षा खूपच लहान. एका बाजूनं सगळी घासलेली. आईनं वाकलेल्या हँडलकडे पाहिलं नाही, मीही नाही.

प्लग घट्ट बसला होता. त्यानं तेल सोडलं, पाना लावला, हळूहळू सैल केला आणि बाजूला झाला. "आता तू," तो म्हणाला.

मी शेवटचे आटे बोटांनी फिरवले. प्लग हातात आला. मी तो उलटा केला.

पांढरा होता. चुन्यासारखा पांढरा, कडेला किंचित राखाडी. शंकेला जागाच नव्हती.

तोंडात ठरवलेला शब्द तयार होता. पण आई तिथे होती. तपकिरी म्हणायचं म्हणजे चूक मेकॅनिककाकांची नाही, बाबांची, असं म्हणायचं... आईच्या तोंडावर म्हणायचं, की तुझ्या नवऱ्यानं स्वतःच गाडी नको तेवढी ताणली आणि तू वीस वर्षं एका निर्दोष माणसाला शिव्या दिल्यास. आणि पांढरा म्हणायचं म्हणजे हा आत्ता फाटकाबाहेर जाणार तो कायमचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी प्लग पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा.

"आण इकडे," आई म्हणाली.

"आई—"

"आण म्हणते ना."

तिनं चष्मा लावला, प्लग घेऊन दारापाशी उजेडात गेली. बाबांच्या बरोबर दहा वर्षं तिनं असले शेकडो प्लग पाहिले होते. ती बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी होती. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

"तपकिरी," ती म्हणाली.

त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. "काकू... नक्की?"

"नक्की म्हणजे? बिस्किटासारखा आहे. तुझ्या बापाचं काही चुकलं नव्हतं रे. आमच्या ह्यांनीच ताणली गाडी. ताणायचेच ते, ऐकायचे कुणाचं?" तिचा आवाज कुठेही हलला नाही. "जा, सांग बापाला. आत्ताच सांग. आणि म्हणावं, मी दारात बोलले ते... ते मागे घेते मी."

तो पालथ्या डब्यावर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. मग उठून त्यानं प्लग घ्यायला हात पुढे केला. आईनं मूठ मिटली.

"हा विकायचा नाही. त्यांची एवढी एक वस्तू राहू दे माझ्याकडे."

तो मान हलवून फोन करायला फाटकाकडे पळाला. मी तशीच उभी राहिले. आई घरात गेली होती. मी स्वयंपाकघरात पोचले तेव्हा ती नळाखाली प्लग धरून तारेच्या घासणीनं घासत होती.

"आई, तो पांढरा होता."

"मला डोळे आहेत."

"मग—"

"वीस वर्षं त्या गाडीला कुणाला हात का लावू दिला नाही, ठाऊक आहे? भीती होती मला. वाटायचं, तपकिरी निघाला तर? उगाच एका माणसाला देशोधडीला लावलं असं झालं तर?" घासणी खसाखसा चालली होती. "आणि निघाला पांढरा. म्हणजे माझंच खरं होतं सगळी वर्षं."

"मग तसं सांगायचं ना! तुझं खरं होतं तर..."

"खरं ठरून काय करू गं? लोणचं घालू त्याचं?" तिनं नळ बंद केला. "तुझा चेहरा बघितला मी. माझा माणूस गेला तेव्हा माझा झाला होता तसाच. घरात एकीचा झाला तेवढा पुरे."

मी तिला मिठी मारायला गेले, तर तिनं ओल्या हातानं मला दूर केलं. प्लग फडक्यानं पुसून तिनं कपबशांच्या खोक्यात टाकला. मग ती खोक्यावर वाकली आणि किती तरी वेळ वर आलीच नाही. तिच्या पाठीकडे बघताना मला कळलं, की बाबांना तिनं आज दुसऱ्यांदा घालवलं होतं, आणि या वेळी माझ्यासाठी.

"जा," ती खोक्यातूनच म्हणाली. "तो वाट बघत असेल. आणि हे बघ... त्याला कधीही सांगायचं नाही. भांडणात नाही, म्हातारपणी नाही. जमणार असेल तरच जा."

मी तिथे उभी राहिले. जमेल का, ते मला खरंच माहीत नव्हतं. जन्मभर एका माणसाच्या डोळ्यांत बघायचं आणि जे त्याला दिसत नाही ते त्याच्यापासून लपवायचं. रोज. मग मी चप्पल घातली.

तो फाटकाला टेकून उभा होता. फोन खिशात गेला होता, डोळे लाल होते. चिकट पाऊस अजून चालूच होता आणि संध्याकाळ लवकर काळवंडली होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी काहीच नाही. मग रडले. मग..." तो हसायला लागला, उजवा डोळा आधी मिटून. "मग म्हणाले, भूक लागलीय."

मी फाटकाचा गज घट्ट धरला. त्यानं आपला हात माझ्या हातावर ठेवला. गार होता, ओला होता, आणि मला तो कधीच काढू नये असं वाटलं.

"काकूंनी सांगितलं ते झालं," तो हळूच म्हणाला. "पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू पाहिलास ना? तपकिरीच होता ना?"

"हो," मी म्हणाले.

"आणि... येशील माझ्याबरोबर?"

"हो," मी म्हणाले.

दोन्ही वेळा माझा आवाज अगदी सारखा आला, याचं मला आजही नवल वाटतं.